गुराबेची प्रतिकृती : कामाच्या नोंदी

१५ जून २०२५

वाचनालयाच्या समितीने अखेर होकार दिला. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ‘जहाजाचे भाग’ असा छापील तक्ता लावायचं घाटत होतं. असले तक्ते मी पाहिलेत: युरोपातलं तीन डोलकाठ्यांचं गोल पोटाचं जहाज आणि त्याच्या अंगावर मराठी चिठ्ठ्या. देवगड तालुक्यात राहायचं, विजयदुर्ग हाकेच्या अंतरावर, आणि मुलांना परकं जहाज दाखवायचं हे काही पटेना. म्हणून गुराब करू म्हटलं. लाकडाची, आणि तक्त्यावर जे भाग असतात ते तिच्याच अंगावर दाखवता येतील अशी.

मराठा आरमाराचं मुख्य लढाऊ जहाज म्हणजे गुराब. तिच्या जोडीला गलबतं. आंग्र्यांच्या काळातल्या या दोन्ही जहाजांचं बारकाईने केलेलं वर्णन रॉबर्ट ऑर्मचं. हा अठराव्या शतकात मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, पुढे इतिहास लिहायला बसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला बहुतेक दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली ३०० टनांपर्यंत, दोनवाली १५० टनांच्या आत. तिला पाणी कमी लागतं, लांबीच्या मानाने ती चांगलीच रुंद असते, आणि पुढे गोल छातीऐवजी लांब, चिंचोळी नाळ बाहेर काढलेली असते.

दोन डोलकाठ्यांचीच करायची. माप : पाव इंचाला एक फूट. मेस्त्रींच्या भाषेत दोन सुताला एक फूट, म्हणजे त्यांना पट्टी बदलायला नको. अंग ६६ फूट, रुंदी २३ फूट, आणि पुढे नाळ आणखी २० फूट असं धरलं. हे आकडे बसतात का ते जुन्या इंग्रजी टनमापाच्या रीतीने ताडून पाहिलं. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणायचं, मग ९४ ने भागायचं. उत्तर सुमारे १४७ आलं. १५० च्या आत आणि फार आतही नाही. प्रतिकृती साडेएकवीस इंच लांब होईल. जिन्याखाली मावते.

१९ जून

मेस्त्री आले. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे घरीच खिडक्या-दारं करतात. मी कागद पसरला तर त्याकडे न बघता म्हणाले, “गुरुजी, आधी पठाण सरळ करा. मग बाकीचां.”

पठाण म्हणजे बुडाचं मधलं लांब लाकूड, ज्यावर सगळं उभं राहतं. खऱ्या होडीत इथे साग किंवा ऐन घालतात. आम्ही जुन्या चौकटीचं सागवान कापून घेतलं. वीसेक वर्षं वाळलेलं, त्यामुळे वाकण्याची भीती नाही. पठाणाच्या मागच्या टोकाला उभा खांब, सुकाणू याच्यावर टांगायचं. पुढच्या टोकाला नाळ.

नाळेपाशी थांबलो. पुतण्याने ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटच्या, म्हणजे शिडाच्या इंग्रजी युद्धनौकेच्या, आकृत्या छापून आणल्यात. ती वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधली, १८१७ साली पाण्यात उतरली, आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेली आहे. पूर्ण सागाची. तिची आकृती फार सुंदर, पण आमच्या कामाची नाही. तिची छाती रुंद आणि फुगीर, वर उचललेली. लाट आली की हा फुगवटा तिला वर लोटतो. गुराबेचं अंग मधोमध रुंद आणि पुढे निमुळतं होत जातं, आणि तिची नाळ डेकच्याच पातळीत आडवी पुढे निघते, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या गॅलीसारखी. फ्रिगेटची आकृती भिंतीवर लावून ठेवली. ‘असं नाही’ हे दाखवायलाही आकृती लागतेच.

२२ जून

मासेमारी बंद आहे, १ जून ते ३१ जुलै. बंदरावर होड्या ओढून ठेवलेल्या, वर ताडपत्र्या. म्हणजे बुडं बघायला याहून चांगले दिवस नाहीत. एका नाखव्याने आपल्या बोटीखाली बसायला दिलं, वर चहाही पाजला.

ही बोट आता डिझेलची, मागे पंखा, वर केबिन, मासे शोधायचं यंत्र. तरी अंग दाखवायला लागला की शब्द तेच: नाळ, पठाण, वाक, सुकाणू. वाक म्हणजे फासळ्या. आत डोकावलं तर दोन्हीकडे ओळीने वाक आणि त्यांच्यावर बाहेरून फळ्या. जुन्या बोटींत वाकाला मुळातच वाकडी वाढलेली फांदी निवडायचे, म्हणजे लाकडाचा धागा वळणाबरोबर वळतो. सरळ फळीतून वाक कापला तर धागा मध्येच तुटतो आणि जोर आला की तिथेच चीर जाते. नाखव्याने एका वाकावर अंगठा फिरवून धागा कुठून कुठे गेलाय ते दाखवलं. गाठ होती तिथेही तो तुटला नव्हता, गाठीला वळसा घालून पुढे गेला होता.

शिडाच्या आडव्या काठीला कुणी परबाण म्हणतं, कुणी परमाण. बंदरावर त्यावरून दोघांची छान जुंपली. मी परबाण लिहिणार.

२९ जून

वाक कापले. प्लायवुडचे, कारण एवढ्या लहान मापात वाकडी फांदी शोधत बसण्यात अर्थ नाही. मेस्त्रींना प्लायवुड आवडलं नाही. “हय् लाकूड नाय, पुठ्ठो,” म्हणाले, पण त्याचा एक फायदा त्यांनीच सांगितला: थर उलटसुलट असल्यामुळे कुठल्याही वळणात फुटत नाही. दर इंचाला एक वाक. मधले रुंद आणि बुडाशी चपटे, कारण हिला खाडीत शिरायचंय. पुढे जाताना ते झपाट्याने अरुंद होतात. शेवटच्या तिघांत तर नुसती पाचर उरते.

डोळा जमिनीला समांतर नेऊन पुढून बघितलं की गुराबेचा स्वभाव कळायला लागतो. पोट घागरीसारखं, तोंड सुरीसारखं.

६ जुलै

पाऊस. डिंक सुकेना. काम नाही.

१३ जुलै

उघडीप मिळाली म्हणून गिर्ये गाठलं. वाघोटन खाडीच्या काठी आरमाराची जुनी गोदी आहे, खडकात खोदलेली. काठावर उभं राहिलं की अंदाज येतो. खाडीकडे तोंड, बाकीच्या बाजूंना खडक आणि बांधकाम, आत आता गाळ आणि झाडोरा. भरतीला, त्यातही उधाणाच्या भरतीला, जहाज आत घ्यायचं. ओहोटी लागली की बूड उघडं पडतं आणि माणसं खाली शिरून फळ्या तपासू शकतात. पंप नाही, कसलं यंत्र नाही. चंद्राच्या हिशेबाने चालणारा कारखाना.

इथे आल्यावर मधल्या वाकांचा चपटेपणा मला पुन्हा आठवला. खोल बुडाचं जहाज या खाडीत भरतीची वाट बघत बाहेर ताटकळलं असतं, आणि बाहेर ताटकळणं म्हणजे शत्रूच्या तोफांपुढे उभं राहणं. चपटं बूड ओहोटीला चिखलावर टेकलं तरी कलंडत नाही. इंग्रजांची जहाजं आंग्र्यांच्या मागे लागून किनाऱ्यापर्यंत यायची आणि पुढे पाणी पुरत नाही म्हणून थांबायची, यात धाडस कमी पडण्याचा प्रश्न नव्हता. बुडाच्या आकाराचा होता.

आणि तरी याच खाडीच्या तोंडाशी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्ग किल्ल्यासमोर आली तेव्हा सगळं आरमार एकत्र नांगरून ठेवलेलं होतं. एकाला आग लागली, ती शेजारच्याला लागली. पेशव्यांचं सैन्य त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होतं, हे शाळेत शिकवताना आपण जरा घाईने पुढे सरकतो.

१७ जुलै

फळ्या मारायला घेतल्या. सागाच्या दोन सुती पट्ट्या, जाडीला अर्धा सूत. टोपात उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, मग वाकांवर दाबून चिमटे. घरी कपडे वाळत घालायला एक चिमटा उरलेला नाही. त्यावर व्हायची ती चर्चा झाली.

सुरत-मुंबईकडच्या जुन्या बांधणीत फळ्या नुसत्या एकमेकींना भिडवत नसत. एकीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला जीभ, दोन्हींच्या मध्ये कापूस आणि राळ, आणि मग खिळ्यांनी आवळायचं. पाणी शिरायला वाटच राहत नाही. युरोपियन जहाजात सांध्यात दोर ठोकून वरून डांबर ओततात, ते काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. हा सांधा अर्ध्या सुतात दाखवणं अशक्य. म्हणून मेस्त्री खऱ्या मापाच्या दोन फळ्यांचा हातभर तुकडा करून देणार आहेत. खाच-जीभ उघडून बघता येईल असा. तो प्रतिकृतीच्या शेजारी ठेवू. माझा अंदाज, मुलं आधी त्यालाच हात लावतील.

२० जुलै

नाळेचा डेक. आजचा दिवस याच्यात गेला, आणि जावा असाच होता.

ऑर्मने इथे जे लिहिलंय ते नीट वाचलं की सगळी गुराब उलगडते. नाळेवर भक्कम डेक असतो, मुख्य डेकच्याच पातळीत. पण दोन्हींच्या मध्ये फळ्यांची आडवी भिंत. मुख्य डेकला दोन्हीकडे कठडे आहेत, नाळेच्या डेकला मात्र नाहीत, तो उघडा. कारण समोरून लाटा घेत चालताना गुराब जोरात डुबकते. चिंचोळ्या नाळेत हवा किती असणार? तिला वर उचलायला काही नाही, ती सरळ लाटेत घुसते. पाणी वर चढतं. कठडा असता तर ते तिथेच साठून राहिलं असतं आणि त्याच्या वजनाने नाळ पुढच्या लाटेत आणखी खाली गेली असती. उघडं ठेवलं की पाणी दोन्हीकडून निघून जातं, आणि आडवी भिंत ते मुख्य डेकवर येऊ देत नाही.

पुतण्या म्हणाला, करून बघू. वार्निश लावलेलं अंग होतंच. नाळेच्या कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या मेणाने चिकटवून तात्पुरता कठडा केला, अंग टिपाडात तरंगत ठेवलं, मधोमध शिशाची वजनं टाकली आणि नाळेवर मग्याने पाणी ओतलं. नाळ खाली गेली ती वर येईना. पाणी आत बसलेलं, मागच्या बाजूला सुकाणूचा खांब हवेत. पट्ट्या काढून तेवढंच पाणी पुन्हा ओतलं: नाळ बुडाली, पाणी दोन्ही अंगांनी खाली सांडलं आणि ती उसळून वर आली. आडव्या भिंतीमागे डेक कोरडा.

लहान मापातल्या अशा प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये हे खरं. जहाज अठ्ठेचाळीस पट लहान करता येतं, पाण्याचा थेंब करता येत नाही. तो कडेला चिकटून राहतो, खऱ्या समुद्रात असं होत नाही. पण एवढ्यातही फरक नजरेला दिसण्याइतका होता. मेस्त्री ओट्यावरून बघत होते. त्यांना हे नवीन नव्हतं. रांपणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी लाटांतून बाहेर काढताना पुढे कुणी बसायचं नसतं, एवढंच म्हणाले.

२७ जुलै

आता आडवी भिंत. तिच्यात दोन चौकोनी खिडक्या, आणि खिडक्यांमागे, पुढच्या छपराखाली, दोन तोफा. ९ किंवा १२ पौंडी, म्हणजे चार ते साडेपाच किलोचा लोखंडी गोळा. त्यांची तोंडं पुढे, आणि मारा नाळेच्या वरून. बाजूच्या तोफा हलक्या, ६ ते ९ पौंडी.

नाळ डेकच्या पातळीत का, याचं दुसरं उत्तर इथे मिळतं. ती वर उचललेली असती तर स्वतःच्याच तोफांच्या आड आली असती. ज्या बाजूने हल्ला करायचा ती बाजू चिंचोळी आणि बुटकी, म्हणजे शत्रूला नेम धरायलाही कमी जागा. युरोपियन जहाजाची ताकद कुशीत, तोफांच्या लांब ओळीत. शत्रूला ते आपली कूस दाखवतं. गुराब तोंड दाखवते.

तिची लढायची पद्धतही यातूनच येते. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची. सावजाच्या मागच्या बाजूला सगळ्यांनी जमायचं, कारण तिथे त्याच्या तोफा सगळ्यांत कमी. मग लांबून नाळेच्या वरून मारणाऱ्या तोफांनी आधी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा. तिन्ही डोलकाठ्या नजरेत जवळजवळ एका ओळीत येतील अशी जागा पकडायची, म्हणजे एक गोळा चुकला तरी मागच्या काठीला लागण्याची शक्यता. डोलकाठी पडली की जहाज जागच्या जागी. त्यानंतर माणसांनी भरलेली गलबतं चारी बाजूंनी भिडायची.

तोफा पितळी सळईतून तालुक्याच्या लेथवर करून घेतल्या. पावणेदोन इंची. लेथवाल्याने मागच्या टोकाची गाठ स्वतःहून काढली, पैसे घेतले नाहीत.

३ ऑगस्ट

बंदी उठली, बंदर रिकामं होत चाललंय. नाखवा फोनवरही सापडत नाही.

डोलकाठ्या उभ्या केल्या. परबाणं वर चढवली, पण शिडं उलगडायची नाहीत असं ठरवलं. गुंडाळून परबाणाला बांधली. पुतण्या नाराज. शिडं फुगलेली असली की जहाज जहाज दिसतं, हे त्याचं म्हणणं चूक नाही. पण मग बघणाऱ्याची नजर शिडांवरच राहते, आणि नाळ, भिंत, तोफा हे सगळं सावलीत जातं.

सुकाणू बसवलं. पितळी पत्र्याच्या दोन बारीक बिजागऱ्या, खांबावर अडकवलेल्या, त्यामुळे ते हाताने वळतं. वळतं म्हणजे मोडणारही. जास्तीचं एक करून खोक्यात ठेवलंय.

१० ऑगस्ट

शेजारी एक गलबत हवंच, नाहीतर गुराब एकटीच पडते. त्याला एकच मोठं तिकोनी शीड. ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. मागची डोलकाठी अगदी किरकोळ. हे शीड मात्र फुगवून लावलं, पुतण्याची समजूत निघाली.

लहान गलबतांवर डेक म्हणजे चिरलेल्या बांबूचा ताटवा, वजन कमी म्हणून. मेस्त्रींनी कामट्या तासल्या तेव्हा मी नुसता बघत बसलो. कोयत्याने बांबू चिरायचा, मग सुरी उभी धरून कामटी तिच्या पात्याखालून ओढायची. कामटी पोस्टकार्डाइतकी पातळ होऊन बाहेर येते, सुरी हलतच नाही. असल्या डेकवर तोफ ठेवता येत नाही. म्हणून कडांवर जंबुरके, म्हणजे खुंट्यावर फिरणाऱ्या लहान तोफा. मोठ्या गलबतांना पक्का डेक, आणि त्यावर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा.

वल्ही चाळीस ते पन्नास. अगरबत्तीच्या काड्या, टोकाला कागदी पाती. एवढ्या वल्ह्यांनी गलबत तासाला चार मैल जायचं. चालत्या माणसापेक्षा थोडं जास्त. ऐकायला फार वाटत नाही, पण वारा पूर्ण पडलेला असताना समोरचं शिडाचं जहाज तासाला शून्य मैल जात असतं.

१७ ऑगस्ट

नामफलक. समितीतल्या एकांचा आग्रह, प्रत्येक दोरीला नाव द्या. मी नको म्हटलं. दोरीदोरीला चिठ्ठी लावली की जहाज दिसायचंच बंद होतं. ज्या भागाचं काम बघून समजतं त्यालाच फलक: नाळ, आडवी भिंत, पठाण, वाक, डोलकाठी, परबाण, सुकाणू, नांगर. नाव मोठ्या अक्षरात आणि खाली एकच ओळ, तो भाग काय करतो याची. नाळेच्या फलकावर दोन ओळी होतायत. होऊ देत.

डाव्या कुशीच्या चार फळ्या मुद्दाम मारलेल्या नाहीत. तिथून वाक आणि पठाण दिसतात. तिथे आत एक छोटा दिवा लावायची सूचना आली. चांगली आहे, पण वायर कुठून न्यायची ते बघावं लागेल.

२४ ऑगस्ट

दोन्ही जहाजं वाचनालयात नेली. रिक्षातून, मांडीवर घेऊन. उंचीचा विचार आधी करायला हवा असा मेस्त्रींचा सांगावा होता, तो बरोबर ठरला. टेबलावर ठेवलं की मोठ्या माणसाला फक्त डेक दिसतो आणि तिसरीतल्या मुलाला फक्त बूड. म्हणून बैठक दोन पायऱ्यांची केली. गुराब वरच्या पायरीवर, नाळ दाराकडे, म्हणजे आत येणाऱ्याला ती समोरून, तोफांच्या बाजूने भेटते. गलबत खाली. फळ्यांचा सांधा सगळ्यांत खाली, हाताळायला मोकळा.

काचेचं काम राहिलंय. काचवाला चतुर्थीनंतर येतो म्हणाला, मेस्त्रीही तोवर माटवी आणि मखरात अडकलेले. तोपर्यंत वर जुनी मच्छरदाणी टाकली आहे आणि ग्रंथपालबाईंना सांगून ठेवलंय की पंखा दोनच्या वर नको, गलबताचं शीड उडतं.